ओकापाहून आलेले मेंदू

१९५७ सालची गोष्ट. पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात, ओकापा या ऑस्ट्रेलियन सरकारच्या चिमुकल्या ठाण्याजवळ, एका झोपडीत रात्री दोन वाजता शवविच्छेदन चाललं होतं. बाहेर वादळ घोंघावत होतं. उजेड होता तो कंदिलाचा. प्रेत एका फोरे माणसाचं होतं आणि ते उघडणारा डॉक्टर अमेरिकन होता, वय अवघं तेहतीस. त्याचं नाव कार्लटन गायदुशेक. मेंदूचे काप काढायला लागते ती लांब, पातळ पात्याची सुरी त्याच्याजवळ नव्हती. होतं त्या हत्यारावर त्याने भागवलं आणि ते सगळं वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डामधल्या आपल्या वरिष्ठांना, जोसेफ स्मॅडेल यांना, पत्राने कळवलं.

सुरी नसण्याचं एवढं काय, असं वाटेल. पण ताजा मेंदू विलक्षण मऊ असतो. कवटीतून काढून ताटात ठेवला तर आपल्याच भाराने बसतो, पसरतो. म्हणून शवागारात तो आधी फॉर्मॅलिनमध्ये सोडतात. तळाच्या धमनीखालून दोरा ओवून बादलीत उलटा टांगतात, म्हणजे बुडाला टेकून चपटा होत नाही. दोन-तीन आठवड्यांत तो खरवसाच्या वडीसारखा घट्ट होतो आणि मग त्याचे सरळ, स्वच्छ काप निघतात. त्यांतले नेमके तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचे, काचपट्टीवर चिकटवून रंगवायचे. एवढं झाल्यावर कुठे सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसू लागतं. ओकापाच्या झोपडीपासून त्या काचपट्टीपर्यंतचं अंतर अर्ध्या पृथ्वीचं होतं.

फोरे लोकांची वस्ती तेव्हा सुमारे अकरा हजार. डोंगरउतारावर रताळ्यांचे मळे, डुकरं, बांबूच्या कुडाची घरं. पुरुष आणि जरा मोठे झालेले मुलगे एका मोठ्या घरात राहायचे. बायका आणि लहान मुलं वेगळ्या, छोट्या घरांत. बाहेरच्या जगाशी त्यांचा खरा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला गस्तीवरचे सरकारी अधिकारी गावांतून फिरू लागले, तेव्हा त्यांना काही बायका शेकोटीशी बसून सारख्या थरथरताना दिसल्या. लोक म्हणाले, हा कुरू. फोरे भाषेत थरथरण्याला कुरू म्हणतात.

आजार सुरू व्हायचा तो चालण्यापासून. मळ्यातून परतणारी बाई उतारावर अडखळू लागायची. रोज पायाखालची वाट, पण पाऊल नेमकं पडेना. मग हातात काठी यायची. बोलणं जड व्हायचं, मान आणि हात कापू लागायचे. काही महिन्यांत काठीनेही निभेना, बसायलाही आधार लागे. शेवटी गिळणं बंद. पहिल्या अडखळण्यापासून मरणापर्यंत साधारण वर्ष, मुलांच्या बाबतीत त्याहून कमी. काही रोग्यांना अकारण हसू फुटायचं. तेवढं उचलून परदेशी वर्तमानपत्रांनी याला ‘हसरा मृत्यू’ म्हटलं. ते नाव मला निर्दय वाटतं. ज्या बाईला आपलं मूल उचलून घेता येत नव्हतं आणि ते का येत नाही हे पुरतं कळत होतं, तिच्या मरणाला हे नाव देणाऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. कुरूत भान बराच काळ शाबूत राहत असे. आपल्याला काय झालं आहे आणि पुढे काय होणार आहे, हे बाईला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक असायचं, कारण तिने आईला, मावशीला, जावेला असंच जाताना पाहिलेलं असायचं.

सर्वांत जास्त मरत होत्या बायका. त्यांच्या खालोखाल मुलं, मुलगे आणि मुली दोन्ही. बाप्ये माणसं क्वचितच. १९५०च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दोनशेहून अधिक माणसं कुरूने जात होती. दक्षिण फोरेतल्या काही वस्त्यांत बायकांची इतकी वाण पडली की विधुर बापच तान्ह्या पोरांना सांभाळत होते आणि मळेही बघत होते.

लोकांना कारण माहीत होतं: करणी. माणसाचे केस, नखं, उष्टं अन्न, अंगावरचं फडकं असं काही मिळवायचं, पानांत गुंडाळून मंतरायचं आणि चिखलात पुरायचं. पुडकं जसं कुजत जाईल तसा तो माणूस झिजत जातो. गळलेले केस वाटेत टाकू नयेत अशी ताकीद ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना यात परकं काही वाटणार नाही. फोरे लोक आपलं सगळं उष्टं-खरकटं लपवत, संशयितांना जाब विचारत, बदल्यात माणसं मारली जात. बायकाच मरताहेत, तेव्हा आपली जमातच संपवण्याचा हा कुणाचा तरी डाव आहे, असं त्यांना वाटत होतं. पुढे १९६२-६३च्या सुमाराला तर गावोगावी मोठ्या सभा भरल्या. करणी करणाऱ्यांनी पुढे यावं, कबूल व्हावं, आता थांबावं, आमच्या बायका संपत चालल्या, अशी जाहीर विनवणी त्यांत झाली. मरणापुढे हतबल झालेल्या समाजाचं याहून स्वच्छ बोलणं मी वाचलेलं नाही.

काइनांटू इथला सरकारी डॉक्टर व्हिन्सेंट झिगास हा या आजाराने अस्वस्थ झालेला पहिला वैद्यकीय माणूस. त्याने रोग्यांचं रक्त आणि एक मेंदू मेलबर्नला पाठवला होता. मार्च १९५७मध्ये गायदुशेक मेलबर्नमधलं काम आटोपून मायदेशी निघाला होता. वाटेत तो न्यू गिनीत उतरला, झिगासबरोबर कुरूचे रोगी पाहिले आणि तिथेच राहिला. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना हे आवडलं नाही, त्यांचं स्वतःचं पथक यायचं होतं. त्याने पर्वा केली नाही. गावोगाव पायी हिंडून दोघांनी रोगी नोंदवले, ओकापाला लाकूड-बांबूचं रुग्णालय उभं राहिलं आणि नोव्हेंबर १९५७मध्ये अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कुरूवरचा त्यांचा लेख छापून आला.

पण हा कुठला रोग आहे? रोगी जिवंत असेपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ताप नाही. रक्त तपासलं, निर्दोष. पाठीच्या मणक्यातून काढलेलं पाणी तपासलं, त्यातही संसर्गाची काही खूण नाही. अँटिबायोटिक्स दिली, स्टेरॉइड्स दिली, जीवनसत्त्वं दिली, विषबाधेवरचे उतारे दिले. एकही रोगी वाचला नाही. उरला तो मेंदू, आणि तो हाती येणार मृत्यूनंतर.

बेथेस्डाला हे मेंदू ज्याच्या टेबलावर गेले तो इगोर क्लात्झो. पोलंडमध्ये वाढलेला आणि जर्मनीत ओस्कार व सेसिल फोग्ट या नामवंत दांपत्याच्या हाताखाली मेंदूची रचना शिकलेला माणूस. फॉर्मॅलिनच्या डब्यांतून एकेक मेंदू येत गेला. पुढे छापलेल्या अभ्यासात बारा मेंदूंचा हिशेब आहे. नुसत्या डोळ्यांनी फारसं काही दिसत नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळं उघडं पडलं. चेतापेशी सुकलेल्या, कित्येक नाहीशा झालेल्या. उरलेल्यांपैकी काहींच्या पोटात गोल, रिकाम्या पोकळ्या. सर्वांत जास्त नुकसान लहान मेंदूत, म्हणजे तोल आणि हालचालींचा मेळ जिथून राखला जातो तिथे. मळ्याच्या उतारावर बाई का अडखळली, ते इथे काचपट्टीवर दिसत होतं. शिवाय सुमारे निम्म्या मेंदूंत आणखी एक गोष्ट होती: ॲमिलॉइड या साचलेल्या प्रथिनाचे गोल ठिपके, मध्ये गडद गाभा आणि कडेने सूर्याच्या किरणांसारखे निघालेले बारीक तंतू. म्हाताऱ्यांच्या मेंदूत अल्झायमरने होणारे ठिपके क्लात्झोला परिचित होते. पण हे त्यांच्याहून वेगळे, आणि होते लहान मुलांच्या, तरुण बायकांच्या मेंदूतसुद्धा. पुढे त्यांना कुरूचंच नाव मिळालं.

सप्टेंबर १९५७मध्येच क्लात्झोने गायदुशेकला कळवलं की असा आजार माझ्या पाहण्यात नाही. जवळात जवळचा म्हणजे क्रॉइट्झफेल्ट आणि याकोब यांनी वर्णिलेला. १९२० आणि १९२१ साली या दोन जर्मन डॉक्टरांनी नोंदवलेला हा रोग तेव्हा इतका विरळा होता की बहुतेक डॉक्टरांनी त्याचं फक्त नाव ऐकलेलं असे. हॅम्बुर्गच्या रोग्याच्या मेंदूची न्यू गिनीच्या डोंगरातल्या बाईच्या मेंदूशी तुलना करण्याचं धाडस क्लात्झोने केलं ते निव्वळ पाहण्याच्या बळावर. या सगळ्या कहाणीत मला तो शांत माणूस फार मोठा वाटतो. तो ओकापाला गेला नाही, त्याने रोगी पाहिले नाहीत. जे समोर होतं ते त्याने नेमकं पाहिलं आणि ओळखीच्या कुठल्याही चौकटीत दडपून बसवलं नाही.

त्याच काचपट्ट्यांनी एक चकवाही दिला. संसर्ग झालेल्या मेंदूत सूज असते, रक्तवाहिन्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी असते. इथे तसं काहीच नव्हतं. मग निष्कर्ष सरळ होता: हा संसर्ग नाही. विषाचा पुरावा मिळेना. राहिला अनुवंश. ॲडलेडच्या अनुवंशतज्ज्ञांनी एक मांडणीही केली की दोष एकाच जनुकात आहे. बाईला त्याची एक प्रत मारते आणि पुरुषाला दोन असल्या तरच. आकडे बरे जुळत होते. इतक्या मुलाबाळांना मारणारा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकेल कसा, हा प्रश्न तेवढा अनुत्तरित राहत होता. आणि या मांडणीचा परिणाम कागदापुरता राहिला नाही. हा जनुक बाहेर पसरू नये म्हणून फोरे लोकांना त्यांच्या मुलखातच अडवून ठेवावं का, यावर सरकारदरबारी गंभीरपणे विचार झाला. आधी मरण आणि वर कोंडवाडा.

हे मेंदू मिळत कसे होते, तेही सांगायला हवं. गायदुशेक आणि त्याचे साथीदार मरणाऱ्याच्या घरी जात, नातेवाइकांशी बोलत, अनेकदा मरेपर्यंत तिथेच थांबत. बदल्यात कुऱ्हाडी, घोंगड्या, मीठ, तंबाखू दिली जाई. फोरे समाजात देवघेवीशिवाय कुठलंच नातं उभं राहत नव्हतं, म्हणून याला निव्वळ सौदा म्हणता येत नाही. पण याला आजच्या अर्थाने संमती म्हणायलाही माझं मन धजावत नाही. एकीकडे बंदुका, विमानं आणि औषधं असलेले गोरे लोक, दुसरीकडे दुःखाने मोडलेलं घर. शिवाय डॉक्टरांकडून बरं होण्याची जी आशा सुरुवातीला होती, ती लवकरच विझली. पुढे पुढे लोक म्हणू लागले की हे रक्त नेतात, मढी उघडतात आणि माणूस तर एकही वाचत नाही. ओकापाच्या रुग्णालयातून रोग्यांना घरी नेऊ लागले, कारण मरायचं तर आपल्या माणसांत. तरीही काही घरांनी देणं थांबवलं नाही. आपल्याकडे नेत्रदान आणि देहदान आता घरोघरी माहीत आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे, पण आपल्या माणसाचा मेंदू तपासायला द्यायचा म्हटलं तर शिकल्यासवरल्या घरांतही हात मागे येतो. त्या हाताला मी दोष देणार नाही. म्हणूनच त्या डोंगरांतल्या आईबापांनी दिलेल्या होकाराची किंमत मला नीट समजते.

कोडं उलगडलं ते १९५९च्या उन्हाळ्यात, लंडनमध्ये, एका प्रदर्शनाच्या दालनात. वेलकम वैद्यकीय संग्रहालयात कुरूवर फलक लावले होते: रोग्यांची छायाचित्रं, नकाशे आणि मेंदूच्या कापांचे मोठे केलेले फोटो. ते पाहायला आला विल्यम हॅडलो. हा माणसांचा डॉक्टर नव्हे. जनावरांच्या रोगांचा अमेरिकन तज्ज्ञ, इंग्लंडमधल्या कॉम्प्टन इथे स्क्रेपी या मेंढ्यांच्या रोगावर काम करत होता. स्क्रेपी झालेली मेंढी कुंपणाला अंग घासघासून लोकर झडवते, मग थरथरते, झोकांड्या खाते आणि मरते. युरोपातल्या मेंढपाळांना हा रोग दोनशे वर्षं माहीत होता. हॅडलोने रोज ज्या पोकळ्या मेंढीच्या चेतापेशींत पाहिल्या होत्या, त्याच आता फलकावरच्या फोटोत माणसाच्या पेशींत दिसत होत्या.

यातली खरी मेख अशी की स्क्रेपीतही मेंदूला सूज नसते आणि तरीही तो संसर्गाने होतो. १९३६ साली कुइये आणि शेल या दोन फ्रेंच पशुवैद्यांनी ते दाखवून दिलं होतं. आजारी मेंढीचा मेंदू निरोगी मेंढीला टोचला की तीही आजारी पडते, फक्त वर्षाहून अधिक काळ थांबावं लागतं. बहुतेक प्रयोग इतका वेळ चालतच नाहीत. हॅडलोने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहिलं, ते ५ सप्टेंबर १९५९च्या अंकात आलं. त्यात दोन्ही रोगांतली साम्यं मांडून त्याने सुचवलं की कुरूने मेलेल्या माणसाचा मेंदू एखाद्या वानरवर्गातल्या प्राण्याला टोचून दीर्घकाळ वाट पाहावी. कुरूवर जगभर खल चालला होता, पण मेंढीचा मेंदू आणि माणसाचा मेंदू शेजारी ठेवून पाहणारं कुणी नव्हतं. माणसांचे डॉक्टर गोठ्यात जात नव्हते.

प्रयोगाला आता फॉर्मॅलिनमधला मेंदू चालणार नव्हता. हवा होता मृत्यूनंतर काही तासांत काढून लगेच गोठवलेला मेंदू. हे काम मायकेल आल्पर्स या ॲडलेडहून आलेल्या तरुण डॉक्टरने केलं. तो दक्षिण फोरेत राहिला, भाषा शिकला. कुरू झालेल्या एका अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या घरी तो महिनोन्‌महिने जात राहिला. तिचं चालणं थांबलेलं, मग बसणं थांबलेलं त्याने पाहिलं. मृत्यूनंतर मेंदू घेऊ द्याल का, हे त्याने घरच्यांना आधीच विचारलं होतं आणि त्यांनी होकार दिला होता. मुलगी गेली तेव्हा शवविच्छेदन तिच्याच गावात झालं. मेंदू बर्फाच्या पेटीत ठेवला आणि विमानाने टप्प्याटप्प्याने बेथेस्डाला पोहोचवला.

ऑगस्ट १९६३मध्ये मेरीलँडमधल्या पटुक्सेंट इथे, जो गिब्ज या गायदुशेकच्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली, डेझी आणि जॉर्जेट या दोन चिंपांझी माद्यांना कुरूच्या वेगवेगळ्या रोग्यांच्या मेंदूचा अंश टोचला. त्यांतल्या एकीच्या वाट्याला आला तो या मुलीच्या मेंदूचा. मग वाट पाहणं. पहिलं वर्ष गेलं, काही नाही. दुसरं संपायच्या आत, १९६५च्या मध्याला, जॉर्जेट सुस्तावली, ओठ लोंबू लागला, हात कापू लागले, चालताना तोल जाऊ लागला. फोरे मुलखातून आलेल्या माणसाला ते ओळखायला वेळ लागला नाही. ऑक्टोबरमध्ये तिला मारून तिचा मेंदू काढला आणि लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या एलिझाबेथ बेक या मेंदूविकृतीच्या तज्ज्ञ बाईंकडे सोपवला. बेक यांनी माणसांतला कुरू चांगलाच अभ्यासला होता. त्यांचा निर्वाळा आला: हा मेंदू आणि कुरूच्या रोग्याचा मेंदू यांत फरक करता येत नाही. फेब्रुवारी १९६६मध्ये ‘नेचर’मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. दोन वर्षांनी क्रॉइट्झफेल्ट-याकोबही चिंपांझीत उतरला. काचपट्टीवर क्लात्झोला जे साम्य दिसलं होतं, त्यावर आता प्रयोगाचं शिक्कामोर्तब झालं. अनुवंशाची मांडणी आणि तिच्याबरोबरचा कोंडवाड्याचा विचारही मागे पडला.

संसर्ग हे नक्की झालं. पण तो बायकांना आणि मुलांनाच का? याचं उत्तर कुठल्याच मेंदूत नव्हतं. ते होतं लोकांच्या आठवणींत. रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडेनबॉम हे मानववंशशास्त्रज्ञ जोडपं १९६१पासून वानिताबे गावात राहून वंशावळी लिहून घेत होतं. म्हाताऱ्या माणसांना बारीकसारीक आठवत होतं: कोणत्या गावात कुरू आधी आला, कोण पहिली गेली, कुठून कुठे तो सरकला. आजार जुना नव्हताच. एका पिढीच्या डोळ्यांदेखत, १९२०-३०च्या दशकांत, तो उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरला होता. वंशपरंपरेचा रोग असा गावोगाव पायी चालत जात नाही.

आणि लोकांनी आपल्या अंत्यविधीबद्दलही सांगितलं. मेलेल्या आप्ताला मातीत किड्यांच्या हवाली करायचं, यापेक्षा त्याच्यावर माया करणाऱ्यांनी त्याला आपल्या देहात सामावून घ्यावं, ही त्यांची रीत होती. त्यात द्वेष नव्हता, भूक नव्हती. प्रेताबरोबर असलेल्या धोकादायक शक्तीला झेलून शांत करण्याचं सामर्थ्य बाईच्या शरीरात असतं अशी समजूत होती, म्हणून हे काम बायकांचं. मेंदूही त्यांच्याच वाट्याला. आईच्या हातचा घास मांडीवरच्या पोरांना मिळे. मुलगा सहा-आठ वर्षांचा होऊन पुरुषांच्या घरात गेला की त्याचं हे खाणं थांबे. कोण मरतं आणि कोण वाचतं, याचा सगळा हिशेब इथे जुळला. १९६८मध्ये जॉन मॅथ्यूज, ग्लास आणि लिंडेनबॉम यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. सरकार आणि मिशनऱ्यांच्या दबावाने ही प्रथा १९५०च्या दशकाच्या शेवटी बंदच झाली होती आणि त्यानंतर जन्मलेल्या एकाही मुलाला कुरू झाला नाही. कुरू थांबला तो कुठल्या औषधाने नव्हे.

लिंडेनबॉम बाईंचं काम मला गायदुशेकच्या तोडीचं वाटतं. पारितोषिक मात्र प्रयोगशाळेला मिळालं. १९७६चं वैद्यकाचं नोबेल गायदुशेकला विभागून मिळालं. न्यू गिनी आणि मायक्रोनेशियातून त्याने पन्नासहून अधिक मुलं अमेरिकेत आपल्या घरी आणून वाढवली आणि शिकवली. त्यांतल्याच एकावर लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा त्याने १९९७मध्ये कबूल केला आणि तुरुंगात गेला. त्याचं विज्ञान खरं आणि हा गुन्हाही खरा. एकाने दुसरं झाकलं जात नाही.

रोगाचं बीज नेमकं काय, हे १९८२मध्ये स्टॅन्ली प्रुसिनर यांनी मांडलं. ते जिवाणू नाही की विषाणू नाही. वाकड्या घडीचं एक प्रथिन, जे आपल्यासारखीच घडी निरोगी प्रथिनांना पाडत जातं. त्याला त्यांनी प्रायॉन म्हटलं. ही कथा वेगळी आणि मोठी आहे.

ओकापाच्या मेंदूंची खरी गरज पडली ती ब्रिटनमध्ये. १९८६मध्ये तिथल्या काही गायी झोकांड्या खात मरू लागल्या. वेब्रिजच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत त्यांचे मेंदू तपासले, तर त्याच पोकळ्या. गुरांना मेलेल्या गुरांच्या हाडामांसाची भुकटी खाऊ घातली जात होती. दहा वर्षं सरकार लोकांना सांगत राहिलं की गोमांस खाण्यात धोका नाही. मग एडिंबरोच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब निगराणी केंद्रात डॉक्टर रॉबर्ट विल यांच्या नोंदीत विशीतले, तिशीतले रोगी येऊ लागले. हा आजार एरवी साठीच्या आसपासच्यांचा. त्यांच्यापैकी जे गेले त्यांचे मेंदू तिथले विकृतितज्ज्ञ जेम्स आयर्नसाइड यांच्यासमोर आले. नेहमीच्या क्रॉइट्झफेल्ट-याकोबमध्ये असे ठिपके सहसा नसतात. इथे जागोजाग ॲमिलॉइडचे मोठे ठिपके आणि त्यांच्याभोवती पोकळ्यांचं कडं. ते कशासारखे आहेत, हे सांगायला शब्द तयार होता: कुरूसारखे. २० मार्च १९९६ला ब्रिटिश आरोग्यमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की दहा तरुणांना झालेल्या या नव्या आजाराचा संबंध रोगट गुरांशी असण्याचा संभव आहे. एप्रिलच्या ‘लॅन्सेट’मध्ये त्या दहांचा वृत्तांत आला. त्यात कुरूचं नाव ठिपक्यांच्या वर्णनातच होतं. ब्रिटनमध्ये या आजाराने आजवर १७८ माणसं गेली.

आता ब्रिटनला प्रश्न पडला की रोगट मांस खाल्लेल्या लाखो लोकांपैकी आणखी किती, आणि किती वर्षांनी आजारी पडतील? याचं उत्तर पुन्हा फोरे मुलखातच होतं, कारण तोंडावाटे पोटात गेलेल्या प्रायॉनची माणसांतली दुसरी एवढी मोठी साथ जगात झालीच नव्हती. १९९६पासून लंडनच्या जॉन कॉलिंज यांचं पथक आणि आल्पर्स यांनी तिथे पुन्हा शोध सुरू केला. स्थानिक तरुण पायी हिंडून प्रत्येक संशयित रोग्याची खबर आणत. २००४पर्यंत अकरा रोगी सापडले. सगळे ती प्रथा बंद होण्याआधी जन्मलेले, लहानपणी अंत्यविधीच्या जेवणाला बसलेले. २००६मध्ये छापलेल्या हिशेबानुसार त्यांच्या शरीरात हा रोग किमान ३४ ते ४१ वर्षं आणि काही पुरुषांत पन्नासहून अधिक वर्षं दबा धरून होता. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रायॉन जनुकाच्या दोन प्रती एकमेकींहून किंचित वेगळ्या होत्या आणि तेवढ्या फरकाने रोग लांबला होता. ब्रिटनमधले सुरुवातीचे सगळे रोगी दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेले. याचा अर्थ तिथली बाकीची माणसं सुटली असं १९९६नंतर दहा किंवा वीस वर्षांत म्हणता येणार नव्हतं. रक्तदानावरची तिथली बंधनं आणि एडिंबरोमधली निगराणी चालू राहिली त्यामागे हा आकडा आहे.

ऑक्टोबर २००७मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत कुरूच्या पन्नास वर्षांच्या संशोधनावर परिषद भरली. तिथे जगभरातले प्रायॉनतज्ज्ञ होते, आणि त्या मुलखातून आलेली माणसंही होती. ज्यांच्या घरातल्या आया, आत्या आणि बहिणींचे मेंदू गोऱ्यांच्या डब्यांतून गेले होते, ती माणसं त्या सभागृहात बसून बोलली. त्यांच्या आजाराची नोंद झालेल्या रोग्यांची संख्या तोवर दोन हजार सातशेच्या वर गेली होती.